पनीरचा कर आणि अर्धवट कोड

या महिन्यात गिटबद्दलची, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीबद्दलची, पत्रे जास्त आहेत, आणि बहुतेकांची अडचण एकच आहे. केलेल्या बदलांपैकी काही पुढे पाठवायचे, काही मागे ठेवायचे, काही टाकून द्यायचे, हे कसे करावे? म्हणून हे सदर या वेळी त्यालाच दिले आहे. आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहाव्यात.

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेचे बिलिंग सॉफ्टवेअर एकटाच सांभाळतो. ते पायथनमध्ये आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले: तूप आणि बटर १२ टक्क्यांवरून ५ वर, पाकीटबंद पनीर ५ वरून शून्यावर. काउंटरवर त्या सकाळपासून नवे दर हवे होते. पण त्याच फाइलमध्ये फॅट-एसएनएफच्या (दुधातला स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक यांच्या) नव्या दरपत्रकाचे काम अर्धवट होते. शेवटी अर्धवट कोड नोटपॅडमध्ये चिकटवून ठेवला, फाइल जुनी केली, कर बदलला आणि मग नोटपॅडमधले परत आणले. यापेक्षा बरी रीत कोणती?

उत्तर : तुमच्या या गरजेची सोय गिटच्या रचनेतच आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिले तेव्हापासून तुमची फाइल आणि कमिट (गिटच्या इतिहासात पक्की झालेली बदलांची नोंद) यांच्यामध्ये एक तिसरी जागा आहे. तिचे नाव इंडेक्स; बोलताना आपण स्टेजिंग म्हणतो. ‘गिट ॲड’ केले की फाइलची त्या क्षणाची प्रत इंडेक्समध्ये जाते, आणि ‘गिट कमिट’ फक्त इंडेक्समध्ये असेल तेच उचलते. एडिटरमध्ये तुम्ही पुढे काय लिहून ठेवले आहे ते कमिट बघत नाही. सवयीने आपण ‘गिट ॲड’पुढे टिंब देऊन सगळेच आत ढकलतो, त्यामुळे ही मधली जागा आहे हे लक्षातच येत नाही.

तुम्हाला हवी आहे ती ‘गिट ॲड --पॅच’. ही आज्ञा दिली की गिट बदलांचे तुकडे करून एकेक दाखवते. या तुकड्याला हंक म्हणतात. प्रत्येक हंकला ते विचारते, हा स्टेज करू का? वाय म्हणजे हो, एन म्हणजे नको, क्यू म्हणजे इथेच थांब. क्यू दाबले तरी आधी हो म्हटलेले हंक स्टेज झालेले राहतात. पनीरच्या दराची ओळ आणि फॅटच्या तक्त्याची ओळ जवळ असतील तर दोन्ही एकाच हंकमध्ये येतील. तिथे एस दाबा, हंक फुटेल. मात्र दोन बदलांच्या मध्ये न बदललेली निदान एक ओळ असली तरच तो फुटतो.

बदललेल्या ओळी अगदी लागून असतील तर ई दाबायचे. हंक एडिटरमध्ये उघडतो. अधिकची खूण असलेली जी ओळ आत्ता नको, ती पूर्ण खोडा. वजाची खूण असलेली ओळ म्हणजे फाइल सोडून जाणारी जुनी ओळ. तिला आत्ता जाऊ द्यायचे नसेल तर ओळ खोडू नका. फक्त वजाच्या जागी एक स्पेस द्या. नवखे लोक अडतात ते इथेच. वजाची ओळ खोडून टाकतात, मग पॅच लागू होत नाही असे गिट सांगते, आणि ई हे अवघड प्रकरण आहे असा समज कायमचा बसतो. तेवढा एक नियम लक्षात राहिला की ई सारखे उपयोगी दुसरे काही नाही.

निवड झाली की ‘गिट डिफ --स्टेज्ड’ द्या. कमिटमध्ये काय जाणार ते त्यात दिसते. नुसते ‘गिट डिफ’ मागे काय राहणार ते दाखवते. दोन्ही नीट वाचा.

आता जे सांगायचे आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. हंक निवडून तुम्ही जी आवृत्ती तयार केलीत, ती तुमच्या संगणकावर आजवर एकदाही चाललेली नाही. तुम्ही चालवून पाहिलीत ती सगळे बदल एकत्र असलेली फाइल. समजा फॅटचे काम करताना फाइलच्या माथ्यावर तुम्ही डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा पायथनचा संख्याप्रकार) इम्पोर्ट करणारी ओळ घातलीत, आणि पैशाचा हिशेब फ्लोटमध्ये नको म्हणून करातही डेसिमल वापरलेत. हंक निवडताना माथ्यावरची ओळ फॅटच्या कामातली म्हणून सोडलीत. तुमच्याकडे प्रोग्राम उत्तम चालतो, कारण तुमच्या फाइलमध्ये ती ओळ आहे. काउंटरवरच्या संगणकावर ती नाही. पायथन सुरू होताना काही बोलणारही नाही. पहिले पनीरचे बिल काढायला घेतले, हिशेब त्या ओळीपाशी आला, की तिथे प्रोग्राम पडेल, आणि तेव्हा समोर गिऱ्हाईक उभे असेल.

इंडेक्सवर आक्षेप घेणारे लोक बोट ठेवतात ते नेमके यावरच, आणि तो आक्षेप मला रास्त वाटतो. गिटच्याच वर्षी, २००५ मध्ये, सुरू झालेल्या मर्क्युरियलमध्ये असा इंडेक्स वापरणाऱ्यासमोर येतच नाही. पण त्यावरचा उपाय निवड सोडून देणे हा नव्हे. निवडलेले वेगळे चालवून बघणे, हा आहे.

माझा क्रम असा असतो. निवडलेले कमिट करायचे, पुश (म्हणजे सामायिक सर्व्हरवर पाठवणे) करायचे नाही. मग ‘गिट स्टॅश’. अर्धवट काम बाजूला जाते आणि फोल्डरमध्ये नेमकी कमिट केलेली आवृत्ती उरते. गिटला अजून माहीत नसलेल्या नव्या फाइली असतील तर ‘गिट स्टॅश --इन्क्लूड-अनट्रॅक्ड’. आता प्रोग्राम चालवा, एक तुपाचे आणि एक पनीरचे बिल काढून बघा. काही चुकले तर दुरुस्त करा आणि ‘गिट कमिट --ऑल --अमेंड’. ठीक असेल तर पुश करा, आणि ‘गिट स्टॅश पॉप’ करून फॅटचे काम परत आणा. पॉपच्या वेळी कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन बदलांची टक्कर) आला तर घाबरू नका. अशा वेळी गिट तो स्टॅश पुसत नाही, यादीत तसाच ठेवते.

‘गिट स्टॅश --कीप-इंडेक्स’ वापरून कमिटच्या आधीही तपासता येते. पण त्यात स्टेज केलेला भागही स्टॅशमध्ये जातो आणि परत आणताना कधीकधी गुंता होतो. पुश न केलेले कमिट तुमच्याच संगणकावर असते, ते हवे तितक्या वेळा बदलता येते. म्हणून आधी कमिट, मग तपासणी, मग पुश हाच क्रम मी सगळ्यांना सांगते.

प्रश्न : मी नाशिकला एका छोट्या कंपनीत वेब डेव्हलपर आहे. आज नको असलेले दोन बदल काढायला गेले आणि ‘गिट रिसेट --हार्ड’ दिले. सकाळपासूनचे सगळे काम गेले. त्यातल्या काही फाइली मी आधी ‘गिट ॲड’ केल्या होत्या. काही परत मिळेल का?

उत्तर : हे पत्र ईमेलने आले होते आणि उत्तर त्याच दिवशी कळवले. इतरांच्या उपयोगासाठी इथे देते.

ज्या फाइली तुम्ही ॲड केल्या होत्या त्या जवळजवळ नक्की मिळतील. ‘गिट ॲड’ केले त्याच क्षणी त्या फाइलचा मजकूर गिटच्या भांडारात लिहिला जातो. रिसेटने त्याच्याकडे जाणारा रस्ता पुसला, मजकूर पुसला नाही. ‘गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड’ द्या. असा अनाथ मजकूर गिट ‘डॉट गिट’ फोल्डरमधल्या ‘लॉस्ट-फाउंड’ या फोल्डरात, ‘अदर’ या नावाखाली, लिहून ठेवते. फाइलींची नावे मिळणार नाहीत, लांबलचक हॅश (मजकुरावरून काढलेले सांकेतिक क्रमांक) दिसतील. तुमच्या कोडमधले एखादे खास फंक्शनचे नाव ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने शोधा. एकच फाइल दिवसभरात अनेकदा ॲड केली असेल तर तिच्या तितक्या प्रती सापडतील. पूर्ण दिसेल ती घ्या. कोणी ‘गिट जीसी’ला ‘--प्रून=नाऊ’ जोडून चालवायला सांगितले तर मुळीच ऐकू नका. एरवी गिट आपणहून असा मजकूर दोन आठवडे तरी ठेवते.

जे कधीच ॲड केले नव्हते ते गिटकडे नाही. तिथे एडिटरकडे वळा. व्हीएस कोडमध्ये मार्च २०२२ च्या १.६६ आवृत्तीपासून लोकल हिस्टरी आहे. फाइल उघडून टाइमलाइन बघा, दर वेळी सेव्ह केलेली प्रत तिथे असते. जेटब्रेन्सच्या एडिटरांमध्येही लोकल हिस्टरी आहे.

पुढच्या वेळेसाठी: टाकून देतानाही निवडता येते. ‘गिट रिस्टोर --पॅच’ प्रत्येक हंकला विचारते, हा टाकून देऊ का? ‘गिट रिस्टोर’ ही आज्ञा ऑगस्ट २०१९ च्या २.२३ आवृत्तीत आली. त्याहून जुने गिट असेल तर ‘गिट चेकआउट --पॅच’. इथेही ई चालते, पण खुणांचा नियम उलटा होतो: अधिकची ओळ वाचवायची असेल तर तिच्या खुणेच्या जागी स्पेस, आणि वजाची ओळ सोडायची असेल तर ती खोडायची. एडिटरमध्ये खाली सूचना छापलेली असते, ती दर वेळी वाचावी. ‘गिट रिस्टोर --स्टेज्ड’ची गोष्ट वेगळी. ती फक्त इंडेक्समधून बाहेर काढते, तुमच्या फाइलला हात लावत नाही. या दोन आज्ञांमध्ये एका शब्दाचा फरक आहे आणि परिणामात दिवसभराच्या कामाचा.

आणि टाकण्याआधी ‘गिट डिफ’चा निकाल प्रोजेक्टच्या बाहेर एका फाइलमध्ये लिहून ठेवा. ‘गिट डिफ’, मग मोठेपणाची खूण (>), मग फाइलचा रस्ता. एवढी एक ओळ. नको वाटलेला कोड दोन तासांनी हवा वाटला तर ‘गिट अप्लाय’ने तो परत लावता येतो. गिटला माहीत नसलेल्या फाइली यात येत नाहीत, त्यामुळे ‘गिट क्लीन’ आधी ‘--ड्राय-रन’ लावूनच द्यावे. काय पुसले जाणार त्याची यादी मिळते.

प्रश्न : आमच्या पुण्याच्या टीममध्ये पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) मर्ज करताना सगळे कमिट स्क्वॉश होऊन एकच होतात. मग हंक निवडत बसण्यात अर्थ काय?

उत्तर : स्क्वॉश करत असाल तर पुल रिक्वेस्टच्या आतले कमिट कसे आहेत याने फारसा फरक पडत नाही, हे मान्य. पण मग निवडीचा प्रश्न एक पायरी वर सरकतो: त्या पुल रिक्वेस्टमध्ये एकच विषय आहे का? कराचा बदल, फॅटचे अर्धे काम आणि वाटेत दुरुस्त केलेली एक जुनी चूक एकत्र स्क्वॉश झाली तर ती कायमची एकत्र राहते. कर मागे घ्यायचा म्हणून ‘गिट रिव्हर्ट’ केले की दुरुस्त केलेली चूकही परत येते.

मी बरीच वर्षे सहकारी बँकांच्या सॉफ्टवेअरवर काम करते आहे. एका बँकेत ऑडिटरने विचारले होते, ठेवीच्या व्याजाची रुपयात गोलाई करण्याची पद्धत कधी आणि का बदलली? कोणती ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणाऱ्या ‘गिट ब्लेम’ने आम्हाला ज्या कमिटपर्यंत नेले त्याचा संदेश होता ‘बदल’, आणि त्यात चाळीसेक फाइली होत्या: अहवालांचे रंग, लॉगइनचे पान, आणि मध्येच कुठेतरी गोलाईची ती एक ओळ. लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलेला होता. कारण कोणालाच सांगता आले नाही. बँकेने मग जुने ठराव आणि परिपत्रके काढून ते शोधले. ती ओळ वेगळ्या कमिटमध्ये असती आणि संदेशात ठरावाचा क्रमांक असता, तर उत्तर एका मिनिटात मिळाले असते. म्हणून एकटे काम करणाऱ्यालाही मी हेच सांगते, सांगलीच्या पत्रलेखकासह.

शिवाय ‘गिट बायसेक्ट’चा विचार करा. हजार कमिटांमध्ये चूक कुठे शिरली हे ते साधारण दहा पायऱ्यांत शोधून देते. पण शेवटी ते एका कमिटवर बोट ठेवते. त्या कमिटमध्ये पाच ओळी असतील तर शोध संपला. दोन हजार असतील तर तिथून सुरू झाला.

प्रश्न : ताई, मी नांदेडला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या प्रोजेक्टमध्ये एका मित्राच्या एडिटरने जावाची पूर्ण फाइल नव्याने फॉरमॅट केली. खरा बदल तीनच ओळींचा, पण डिफमध्ये सगळी फाइल लाल-हिरवी. त्या तीन ओळी वेगळ्या कशा काढायच्या?

उत्तर : ‘गिट डिफ --इग्नोअर-ऑल-स्पेस’ देऊन बघ, फॉरमॅटिंग फक्त मोकळ्या जागांचे असेल तर खरे बदल तेवढे उरतील. त्याचाच निकाल पाइपने ‘गिट अप्लाय --कॅश्ड --इग्नोअर-व्हाइटस्पेस’कडे दिलास तर तेवढेच बदल स्टेज होतात, बहुतेक वेळा हे चालते. मग त्या तीन ओळी आधी कमिट करा आणि फॉरमॅटिंग ठेवायचे ठरले तर ते दुसऱ्या, वेगळ्या कमिटमध्ये. नको असेल तर ‘गिट रिस्टोर’. पायथनच्या फाइलवर मात्र ही युक्ती जपून वापर, कारण तिथे ओळीच्या सुरुवातीची जागा हाच अर्थ असतो आणि खरा बदलही झाकला जाऊ शकतो.

फॉरमॅटिंगच्या कमिटचा हॅश एका फाइलमध्ये लिहून ‘ब्लेम’च्या सेटिंगमध्ये ‘इग्नोअर-रेव्हज-फाइल’ म्हणून दिलास तर ‘गिट ब्लेम’ ते कमिट ओलांडून मूळ लेखकापर्यंत जाते. हीही सोय २.२३ पासूनची. आणि कोणी विंडोजवर, कोणी लिनक्सवर असाल तर ओळीच्या शेवटाच्या खुणांमुळेही पूर्ण फाइल बदललेली दिसते; त्यासाठी प्रोजेक्टमध्ये ‘डॉट गिटॲट्रिब्यूट्स’ फाइल ठेवा आणि त्यात सर्व फाइलींसाठी ‘टेक्स्ट=ऑटो’ लिहा. फॉरमॅटर कोणता, हे चौघांनी मिळून आधी ठरवा. ते ठरले नाही तर हा त्रास दर आठवड्याला होईल.

प्रश्न : ‘गिट ॲड --पॅच’मध्ये माझी नवी फाइल दिसतच नाही. (औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : गिटला ती अजून माहीत नाही म्हणून. आधी ‘गिट ॲड --इन्टेन्ट-टू-ॲड’ आणि फाइलचे नाव द्या. मग ती दिसेल आणि ई दाबून तिचे तुकडेही निवडता येतील.

प्रश्न : कॉन्फिगच्या फाइलमध्ये माझ्या संगणकाचा डेटाबेस पासवर्ड आहे. दर कमिटला त्या हंकला मी एन म्हणतो. कधीतरी चुकून वाय दाबले जाईल अशी भीती वाटते. (कोल्हापूर)

उत्तर : भीती योग्य आहे. सुरक्षिततेचा भार रोजच्या एका कळीवर ठेवू नका. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये काढा, ती ‘डॉट गिटइग्नोअर’मध्ये लिहा, आणि रिकाम्या जागा असलेली तिची नमुना प्रत तेवढी गिटमध्ये ठेवा. गिटइग्नोअर फक्त गिटला माहीत नसलेल्या फाइलींना लागू होते, त्यामुळे आधीच आत असलेल्या फाइलसाठी ‘गिट आरएम --कॅश्ड’ करावे लागेल. सहकाऱ्यांना आधी कळवा. ते कमिट पुल केल्यावर त्यांच्याकडून ती फाइल नाहीशी होते, म्हणून त्यांनी प्रत काढून ठेवलेली बरी. काही जण ‘अझ्यूम-अनचेंज्ड’ किंवा ‘स्किप-वर्कट्री’ या फाइलीवर लावायच्या खुणा सुचवतात. गिटच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिले आहे की त्या या कामासाठी नाहीत.

पासवर्ड एकदा जरी पुश झाला असेल तर फाइल काढून भागत नाही, तो इतिहासात राहतो. आधी पासवर्ड बदला, बाकीचे नंतर.

प्रश्न : मी रत्नागिरीत बारावीच्या मुलांना संगणक शिकवते. टर्मिनलला मुले घाबरतात. हंक निवडणे माउसने दाखवता येईल का?

उत्तर : येईल. विंडोजवर गिट बसवले की ‘गिट गुई’ सोबत येते. डिफच्या खिडकीत ओळीवर उजवी क्लिक केली की तेवढी ओळ किंवा पूर्ण हंक स्टेज करण्याचा पर्याय मिळतो. व्हीएस कोडमध्ये डिफ उघडून ओळी निवडा, उजव्या क्लिकमध्ये ‘स्टेज सिलेक्टेड रेंजेस’ आहे. त्याच्याच जवळ ‘रिव्हर्ट सिलेक्टेड रेंजेस’ही आहे आणि तो बदल टाकून देतो, हे मुलांना आधी सांगा. फाइलींच्या यादीतले वळणदार बाणाचे बटण पूर्ण फाइलचे बदल टाकते, आणि नव्या फाइलवर दाबले तर फाइलच काढते.

वर्गात एकाच फाइलमध्ये दोन ठिकाणी बदल करायला लावा, त्यातला एक स्टेज करायला सांगा आणि मग टर्मिनल उघडून फक्त ‘गिट स्टेटस’ द्यायला लावा. तीच फाइल वर हिरव्या आणि खाली लाल रंगात दिसेल. एकच फाइल दोन ठिकाणी कशी, असे कोणीतरी विचारेलच. इंडेक्सची ओळख तेव्हा करून द्या, त्याआधी नको.